गुरुजी झाडावरून उतरले

एका जंगलात एक शाळा भरत असे. नाल्याच्या काठी ऐनाचे एक जुने झाड होते. सकाळची उन्हे त्याच्या बुंध्यावर पडू लागली की सशांची, चितळांची, मोरांची, खारींची पिल्ले तिथे जमत. शिकवायला एक म्हातारे वानर होते; सगळे जंगल त्यांना गुरुजी म्हणे. गुरुजी ऐनाच्या वरच्या फांदीवर बसत, कारण तिथून नाल्याचा पलीकडचा काठ दिसे आणि बिबट्या आलाच तर आधी कळे. खाली पिल्ले हवी तिकडे तोंडे करून बसत आणि वरून गुरुजींचा आवाज येई.

मुलांनो, त्या शाळेत जे शिकवत ते नुसते मिरवण्यासाठी नव्हते. कोणता पाला खायचा, कोणत्याला तोंड लावायचे नाही, मोर ओरडला तर काय समजायचे, वानराने खोकल्यासारखा आवाज काढला तर कोणीकडे पळायचे, हे ज्या पिल्लाला येत नसे ते पिल्लू त्या जंगलात मोठे होत नसे.

त्याच जंगलात एका हरिणीला एक पाडस होते. टपोरे डोळे, काटक पाय, अंगभर पांढरे ठिपके. फक्त त्याला ऐकू येत नव्हते. आईच्या हे लवकरच लक्षात आले होते. मागून कितीही हाका मारल्या तरी पाडस वळत नसे, आणि समोर येऊन नाकाने जरासे ढोसले की लगेच उठून उभे राही. कळपातल्या म्हाताऱ्या हरिणी तिला म्हणाल्या की अशा पिल्लाला शाळेत कशाला घालतेस. त्याला करवंदाच्या जाळीत ठेव, जन्मभर तुझ्या पोटाशी राहील.

"माझा जन्म आणि त्याचा जन्म एकाच दिवशी संपणार आहे का?" हरिणीने विचारले. मग ती पाडसाला घेऊन ऐनाखाली गेली.

गुरुजी मनाने चांगले होते. त्यांनी हरिणीचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि वरूनच सांगितले, "आमच्या शाळेत कोणाला मज्जाव नाही. बसू दे त्याला." मग त्यांनी सगळ्या पिल्लांना बजावले की या पाडसाला कोणी चिडवायचे नाही, कोणी ढकलायचे नाही. हरिणीचे डोळे भरून आले. ही गोष्ट जंगलभर झाली, आणि असे गुरुजी मिळायला भाग्य लागते असे जो तो म्हणू लागला.

पाडसाला सगळ्यांच्या मागे, एका सपाट दगडाजवळ जागा मिळाली. तिथे कोणाचा धक्का लागायची भीती नव्हती.

सुरुवातीला पाडस खुशीत होते. इतकी पिल्ले एका जागी त्याने कधी पाहिलीच नव्हती. पण हळूहळू त्याला एक कोडे पडले. सगळी पिल्ले एकदम मान वर करत. एकदम उठत, एकदम बसत. कधी कधी तर समोर काहीही नसताना एकदम हसत सुटत. आपल्याला ऐकू येत नाही हे पाडसाला ठाऊक नव्हते. ऐकणे म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, त्याला आपल्याकडे ते नाही हे कसे कळावे? त्याला वाटे, या सगळ्यांनी आपसात काहीतरी ठरवलेले आहे, आणि ते ठरले तेव्हा आपण तिथे नव्हतो.

मग ते इतरांकडे बघून बघून तसेच करू लागले. सगळ्यांच्या माना डावीकडे वळल्या की तेही डावीकडे बघे. तिथे काय आहे ते त्याला कधीच कळत नसे, पण ते डोळे बारीक करून बघे. हसायला मात्र त्याला नेहमी उशीर होई. बाकीच्यांचे हसून संपत आले की याचे सुरू होई, आणि मग एकटेच तोंड उघडे टाकून बसलेले असे.

मधल्या सुट्टीत पिल्ले शिवाशिवी खेळत. राज्य कोणावर हे ओरडूनच ठरे. पाडस धावायचे, पण कोणापासून पळायचे हे त्याला उमगत नसे. एकदा तर ज्याच्यावर राज्य होते त्या मोराच्या पिल्लाच्याच मागे ते धावत राहिले. त्यानंतर पिल्ले त्या सपाट दगडापासून जरा लांब जाऊन खेळू लागली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्याला उगाच त्रास नको, एवढेच त्यांना वाटले होते.

एक लहानगा ससा तेवढा एकदा त्याच्याजवळ आला आणि त्याने काहीतरी विचारले. पाडसाने त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिले आणि आनंदाने शेपटी हलवली. सशाने पुन्हा विचारले. पाडसाने पुन्हा शेपटी हलवली. ससा थोडा वेळ उभा राहिला. मग त्याला कोणीतरी हाक मारली असावी, कारण तो वळला आणि निघून गेला. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत पाडस सशाच्या पाठीकडे बघत होते.

संध्याकाळी आई नाकाने त्याची मान कुरवाळून विचारी, कसा गेला दिवस? पाडस तिचे तोंड चाटी. पिल्लू धडधाकट आहे, अंगावर ओरखडा नाही, हे पाहून हरिणीला वाटे, चांगले चालले आहे. गुरुजींनाही तसेच वाटे. इतके शांत मूल शाळेत दुसरे नाही, असे ते भेटेल त्याला सांगत.

थंडी सरता सरता गुरुजींनी परीक्षा घेतली. ऐनाच्या बुंध्याशी वेगवेगळा पाला मांडला होता. एकेका पिल्लाने पुढे यायचे आणि खाण्याजोगा असेल तो वेगळा काढायचा. पाडसाने बसल्या जागेवरून सगळे नीट पाहिले. आज पहिल्यांदाच इथे काय चालले आहे ते त्याला पुरते कळले होते. पिल्ले ओळीने पुढे जात होती. खारीनंतर आपण, हेही त्याच्या लक्षात आले. खार परत येताना दिसली तसे पाडस उठले.

वरून गुरुजींनी सांगितले की पाडसाला राहू द्या, त्याला उगीच ताण नको. आता मोराने यावे. मोराचे पिल्लू पाडसाच्या शेजारून पुढे गेले. पाडस तसेच उभे राहिले. त्याला वाटले, मोरानंतर असेल. मग रानडुकराचे पिल्लू गेले, मग ससा गेला. शेवटी बुंध्याजवळचा पाला कोणीतरी पायाने बाजूला सारला. तेव्हा पाडस मागे फिरले आणि दगडाजवळ जाऊन बसले. फांदीवर गुरुजींना समाधान वाटत होते, की त्या बिचाऱ्याला आपण एका संकटातून वाचवले.

उन्हाळा लागला. नाल्याचे पाणी आटून डबकी उरली आणि बिबट्या दिवसाउजेडी पाण्यावर येऊ लागला.

एके सकाळी पाडस दगडाशी मान खाली घालून मुंग्या बघत होते. त्या एका टोळाचा पंख ओढून नेत होत्या. त्याच वेळी गुरुजींना नाल्याच्या काठच्या गवतात काहीतरी पिवळट हलताना दिसले आणि ते खोकल्यासारखा आवाज काढून ओरडले. सगळी पिल्ले जीव घेऊन टेकडीकडे पळाली.

पाडसाने मान वर केली तेव्हा ऐनाखाली कोणीच नव्हते. धूळ तेवढी खाली बसत होती.

त्याला भीती वाटली नाही. त्याला एवढेच वाटले की आज ते मला सोडून गेले. एक दिवस असे होणार, हे पाडसाला मनातून कधीपासून वाटत होते. तरी ते शोधायला निघाले. बुंध्यामागे पाहिले, तिथे कोणी नव्हते. मग त्याला नाल्याच्या काठचे गवत हलताना दिसले. लपले असतील, असे वाटून ते टपोऱ्या डोळ्यांनी तिकडेच चालू लागले.

वर गुरुजी घसा फुटेस्तोवर ओरडत होते. पाडस शांतपणे एक एक पाऊल टाकत गवताच्या जवळ जात होते. गुरुजी आणखी मोठ्याने ओरडले. मग काय झाले कोण जाणे, त्यांनी ओरडणे बंद केले, एक वाळकी डहाळी मोडली आणि खाली भिरकावली. ती मागे पडली. दुसरी पाडसाच्या पाठीवर बसली.

पाडसाने दचकून वर पाहिले. गुरुजी सगळ्यात खालच्या फांदीला एका हाताने लोंबकळत होते. आजवर पाडसाने पानांतून लोंबणारी त्यांची शेपटीच काय ती पाहिली होती. चेहरा आज पहिल्यांदा दिसला, आणि तो चेहरा पाहिल्यावर आणखी काही सांगायची गरज उरली नाही. पाडस उलटे फिरले आणि उधळले. मागे बिबट्याने झेप घेतली, पण अंतर फार होते. आपण सगळ्यांना दिसलो आहोत हे कळल्यावर तो दोन-चार उड्या मारून थांबला आणि आल्या वाटेने निघून गेला.

टेकडीवर पिल्लांचा गलका चालला होता. जो तो आपण कसे पळालो ते सांगत होता. पाडस धापा टाकत त्यांच्या कडेला येऊन उभे राहिले. कोणीतरी सरकून त्याला जागा दिली.

दुसऱ्या दिवसापासून पाडस शाळेत आले नाही.

आईने त्याला करवंदाच्या जाळीत ठेवले. तिथे सावली होती, कोवळा पाला होता आणि बाहेरून कोणाला आतले दिसत नव्हते. आई चरायला गेली की पाडस एकटेच काट्यांच्या फटीतून बघत बसे. शाळेत ते काही फार सुखात नव्हते, तरी ज्या बाजूला ऐन होता त्याच बाजूला तोंड करून ते उभे राही. तिथे निदान बघायला कोणीतरी असे.

इकडे गुरुजींचे चित्त लागेना. जंगलातल्या मोठ्यांनी त्यांची समजूत घातली की तुम्ही तुमच्याकडून सगळे केलेत, शेवटी ज्याची जागा जिथे असते तिथेच तो बरा. गुरुजी मान डोलावत, पण त्यांना ते पटत नसे. एका दुपारी शाळा सुटल्यावर ते झाडावरून खाली उतरले आणि त्या सपाट दगडाजवळ जाऊन बसले. तिथून त्यांनी आपल्या फांदीकडे पाहिले. फांदी दिसत नव्हती. मध्ये पाने होती. समोर पिल्लांच्या बसायच्या जागा होत्या, आणि त्यांच्या सगळ्यांच्या पाठी इकडे असणार होत्या. गुरुजी तिथे बराच वेळ बसून राहिले. मग उठले आणि करवंदीकडे गेले.

"तुमच्यावर माझा राग नाही, गुरुजी," हरिणी म्हणाली. "तुम्ही त्याला बसायला जागा दिलीत. दुसऱ्या कोणी तीही दिली नसती. पण इतके दिवस तिथं बसून ते काय शिकलं, ते मला सांगा."

गुरुजींनी पाडसाकडे पाहिले.

"सगळ्यांबरोबर मान वळवायला शिकलं," हरिणी म्हणाली. "आता घरीसुद्धा वळवतं. आणि मग माझ्याकडं बघतं, बरोबर वळवली का म्हणून."

गुरुजी म्हणाले, "मी इतकी वर्षं शिकवतोय, पण या लेकराला कसं शिकवायचं ते मला येत नाही. तुम्ही त्याच्याशी कसं बोलता, ते मला दाखवाल का?"

हरिणीने दाखवले. पुढचा पाय जमिनीवर आपटला की जमिनीची थरथर पाडसाच्या खुरांना कळे आणि ते वळून बघे. शेपटी उभी करून तिची पांढरी बाजू दाखवली म्हणजे धोका. मानेला नाक लावले म्हणजे इकडे ये. यात जगावेगळे काही नाही, ती म्हणाली. आमच्या कळपात सगळेच पाय आपटतात, शेपटी उभारतात, पण लगेच ओरडतातही, म्हणून बाकीचे कोणी या खुणांकडे लक्ष देत नाहीत.

गुरुजी पाडसासमोर जमिनीवर बसले. त्यांनी दोन प्रकारची पाने त्याच्यापुढे ठेवली आणि ते थांबले. पाडसाने आईकडे पाहिले, मग पानांकडे, मग गुरुजींकडे. आपल्याकडून काही हवे आहे हे त्याच्या ध्यानात यायलाच वेळ लागला, कारण आजवर त्याच्याकडून कोणाला काही हवे नव्हते. गुरुजी थांबून राहिले. शेवटी पाडसाने एक पान तोंडात धरले.

ते चुकीचे पान होते. गुरुजींनी मान जोराने हलवली, पोटावर हात धरला आणि असे काही तोंड वेडेवाकडे केले की पाडसाने पान टाकूनच दिले. ते गुरुजींच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. आपले चुकले, हे आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला सांगितले होते. मग त्याने दुसरे पान उचलले आणि पुन्हा गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी मान डोलावली. तेव्हा पाडसाने खुराने जमीन उकरली, जणू म्हणाले, अजून ठेवा. उन्हे कलेपर्यंत त्याने गुरुजींना उठू दिले नाही.

काही दिवसांनी पाडस शाळेत परतले. शाळा आता निराळी भरू लागली होती. गुरुजी ऐनाच्या बुंध्याशी जमिनीवर बसत आणि पिल्ले त्यांच्याभोवती गोल करून बसत, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड दिसे. ओरडायच्या आधी पाय आपटायचा आणि शेपटी उभी करायची, असा नियम झाला. ज्याची शेपटी लांबून दिसत नसे त्याने कान उभारायचे.

हे सगळ्यांना एकदम आवडले असे नाही. धडे सावकाश होऊ लागले, म्हणून काही पिल्ले कुरकुरली. खार म्हणाली की गुरुजी खाली बसले तर बिबट्या कोणाला दिसणार? तिचे बरोबरच होते. मग पहाऱ्याच्या पाळ्या लागल्या: एक जण फांदीवर, दोघे वारुळावर. आणि गुरुजी? खाली बसून त्यांची पाठ दुखे. कधी कधी विसरून ते दुसरीकडे तोंड करून बोलू लागत, आणि मध्येच आठवण झाली की थांबून सगळे पुन्हा सांगत.

मुलांनो, पाडसाचे एकटेपण एका दिवसात गेले असे मी तुम्हाला सांगणार नाही. तसे झाले नाही. पिल्ले अजून घाईत बोलत, खुणा विसरत, आणि कित्येकदा सगळे हसत असताना पाडस एकेकाचे तोंड बघत बसलेले असे. पण आता ते उशिरा हसत नसे. ते पाय आपटी, म्हणजे काय झाले ते मलाही सांगा. कधी कोणी सांगे, कधी कोणी सांगत नसे.

एके दिवशी वारुळावर पाडस आणि तो लहानगा ससा यांची पाळी होती. सशाने कोवळी हरळी खुडून दोघांच्या मधोमध ठेवली होती, पहारा संपल्यावर खायला. पाडसाला वाटले, ती दोघांची आहे. त्याने सगळी खाऊन टाकली.

सशाने वळून पाहिले आणि तो भडकला. तो नाही नाही ते बोलला, पाठ फिरवली आणि तरातरा वारुळावरून उतरून चालू लागला. पाडसाला दिसली ती त्याची पाठच. असल्या पाठी त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. ते नाल्याकडे बघू लागले.

थोडे पुढे जाऊन ससा थबकला. आपण जे बोललो त्यातले एक अक्षरही तिकडे पोचलेले नाही, हे त्याच्या लक्षात आले. तो तसाच परत वर चढला, पाडसाच्या अगदी समोर उभा राहिला आणि त्याने जोराने पाय आपटला. मग हरळीची जागा दाखवली, आपले पोट दाखवले, कान मागे पाडले आणि सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगितले.

पाडसाला ते पुरेपूर कळले. त्याने क्षणभर मान खाली घातली. पण मग त्यालाही राग आला, कारण हरळी मधोमध ठेवली होती, आणि मधोमध ठेवलेली वस्तू दोघांची नसेल तर ठेवणाऱ्याने तसे सांगायला नको का? त्यानेही पाय आपटला. सशाने पुन्हा आपटला. खालची पिल्ले मान वर करून बघू लागली. गुरुजी त्यांना सोडवायला उठले, दोन पावले चालले, आणि मग काय वाटले कोणास ठाऊक, परत जागेवर जाऊन बसले. खारीला मात्र त्यांनी वारुळावरच्या पहाऱ्याला धाडले, कारण त्या दोघांचे आता नाल्याकडे लक्षच नव्हते.

संध्याकाळी पाडस घरी आले ते फुरंगटूनच. आईने नाकाने मान कुरवाळून विचारले, काय झाले? आज त्याने तिचे तोंड चाटले नाही. पाय आपटत, कान पाडत, इकडून तिकडे फिरत त्याने सगळी हकिकत सांगितली आणि चूक सशाचीच कशी होती तेही सांगितले. ती हकिकत बरीच लांबली. हरिणी चरायचे विसरून त्याच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाडसाने आईला ढोसून उठवले आणि ते रोजच्यापेक्षा लवकर शाळेकडे निघाले. भांडण अर्धेच राहिले होते.

तात्पर्य : एखाद्याला आपल्यात बसायला जागा दिली एवढ्याने तो आपल्यातला होत नाही, त्याला कळेल अशा रीतीने आपण त्याच्याशी बोललो, त्याला विचारले, चुकले तर सांगितले, तरच तो आपला होतो.